मागून बसलेली गाडी

कप्तानाने होडी ट्रेलरवर चढवली, ट्रेलरची दांडी ताईच्या गाडीच्या हुकावर टेकवली, आणि गाडी मागून अशी बसली की आता उठायचंच नाही असं तिने ठरवलं असावं. मागची चाकं मडगार्डात शिरली, नाक वर झालं आणि दिवे रस्ता सोडून समोरच्या झाडाचा शेंडा न्याहाळू लागले.

"ही माझी गाडी आहे की घसरगुंडी?" ताई, त्याची मोठी बहीण, म्हणाली.

कप्तान हे नाव त्याला उतारूंनी चेष्टेने ठेवलेलं. उभा जन्म त्याने नदीवर माणसं या काठावरून त्या काठावर नेण्यात घालवला. मग नदीवर पूल झाला. सुरुवातीला काही जुने उतारू भिडेखातर होडीत बसायचे, पण भिडेवर कोण किती दिवस ऑफिसला उशीर करणार? हळूहळू तेही पुलावरून जाऊ लागले आणि जाताना वरून हात हलवू लागले. कप्तान खालून हात हलवायचा. घरी आल्यावर त्याला जेवण जात नसे.

अशात घाटापलीकडच्या तलावावर फिरायला येणाऱ्यांसाठी होड्या हव्यात असं कळलं. तिथल्या व्यवस्थापकाने त्याला जागा देऊ केली, पण अट घातली: होडी स्वतःची हवी आणि येत्या सोमवारी पाण्यात हवी. नसेल तर जागा पुढच्या माणसाला. वर होडी मधूनमधून बाहेर काढून तपासून घ्यायची. दर वेळी ट्रक कुठून आणणार? जुना ट्रेलर त्याने कुठून तरी पैदा केला. ओढायला मात्र घरात एकच वाहन होतं, ताईची छोटी एसयूव्ही.

या गाडीबद्दल सांगायलाच हवं. ताई इस्पितळात नर्स. रात्रपाळ्या करकरून घेतलेली ही तिची पहिली गाडी. सीटवरचं प्लॅस्टिक तिने इतके दिवस काढलं नव्हतं की शेवटी ते आपणहून फाटलं. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्या गाडीत बिस्किट खायचीही बंदी होती. आणि त्या गाडीला भोकं पाडून हूक बसवू का, असं कप्तानाने चाचरत विचारलं, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बसव. बंपरचा रंग गेला तर लावून दे, म्हणजे झालं."

तर ती गाडी आता मागून बसली होती. कप्तान तिच्याभोवती फिरला, वाकून बघितलं, आणि पाण्यावरच्या माणसाला जे सुचावं तेच त्याला सुचलं. होडी मागून दबली तर सामान पुढे सरकवायचं, पुढून दबली तर मागे. हे तो विचार न करताही करायचा, झोपेत कूस बदलावी तसं. इथे होडीचं नाक गाडीवर दाब देत होतं. म्हणजे वजन मागे न्यायचं. त्याने नांगर, साखळी, पेट्रोलचे कॅन, लाइफ जॅकेटांचं गाठोडं, सगळं होडीच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवलं. इंजिन तर तिथे होतंच. होडीही ट्रेलरवर थोडी मागे ओढली. गाडी उठून उभी राहिली, एकदम सरळ.

"बघ," तो म्हणाला. ताईनेही लांबून डोळा बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. भाऊजी म्हणाले, आमचा मेव्हणा इंजिनिअर व्हायचा, थोडक्यात राहिला.

शनिवारी सकाळी दोघं निघाली. ताई चालवत होती, कप्तान शेजारी. सपाटीवर सगळं ठीक चाललं. घाटाचा चढही गाडीने कुरकुरत का होईना, पार केला. पलीकडचा उतार लागला, गाडीने जरा वेग घेतला आणि ट्रेलर मागे डुलू लागला. आधी थोडा, मग जास्त, मग इतका की गाडीची मागची बाजूच तो इकडून तिकडे ओढू लागला. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला ठेंगणा कठडा आणि त्यापलीकडे काही नाही.

"ब्रेक मार!" कप्तान ओरडला.

ताईने ब्रेक मारला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि गाडीला आपोआप हळू होऊ दिलं. मागची होडी अजून काही वेळ हिसके देत राहिली, मग दमली. गाडी अगदी सावकाश झाल्यावर ताईने ती कडेला घेतली आणि थांबवली. मागून असं डोलू लागलं की ब्रेकला शिवायचं नाही, हे तिला इस्पितळातल्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. त्या ड्रायव्हरचं भलं होवो.

"उतर," ती समोर बघत म्हणाली.

कप्तान उतरला. ती मात्र काचा वर करून बराच वेळ आतच बसून राहिली. आपल्या खुळेपणापायी तिची गाडी खड्ड्यात जायची वेळ आली, आता ती आपलं तोंडही बघणार नाही, असं त्याला वाटलं, आणि तिचं चुकतंय असं काही त्याला वाटेना. ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "मी वजन मागे नेलं, त्याने झालं हे. दुसरं कशाने नाही."

"मग पुढे आण," ती म्हणाली. दोघांनी मिळून सामान पुढे आणलं. गाडी पुन्हा बसली, पण ट्रेलर शहाण्यासारखा मागे राहिला. गाडी वळवून मुंगीच्या चालीने ती दोघं परत आली, ती थेट गॅरेजच्या दारात.

मेकॅनिकची त्या दिवशी सुट्टी होती. पण मांडीचं हाड मोडून तो ताईच्या वॉर्डात पडला होता तेव्हा त्याच्या शिव्या खाऊन ताईने त्याला रोज चालायला लावलं होतं. दारात तिला बघून त्याने लगेच शटर वर केलं. आजही तो जरा लंगडायचा, पण स्वतःच्या पायावर लंगडायचा, आणि हे तो विसरला नव्हता.

सगळं ऐकून त्याने हुकावर हात ठेवला. "पाण्यात होडी सरळ हवी. रस्त्यावर ट्रेलरचं थोडं वजन या हुकावर हवंच, साधारण दहावा हिस्सा. तेच त्याला लगाम घालतं. ते तुम्ही काढून घेतलं. होडी या गाडीला झेपते, तो प्रश्न नाही. पण मागच्या स्प्रिंगा बाजारच्या पिशव्यांसाठी केलेल्या आहेत. हुकावरचं वजन तसंच ठेवायचं आणि स्प्रिंगांना आधार द्यायचा."

आधार दोन तऱ्हेने देता येत होता. एक, स्प्रिंगाच बदलून कडक टाकायच्या. कायमचं काम, पण रिकामी गाडी रोज खड्ड्यात आपटणार. दुसरं, आहेत त्या स्प्रिंगांच्या आत रबरी फुगे बसवायचे. होडी असली की हवा भरायची, नसली की कमी करायची.

"कडक टाका," ताई म्हणाली. "फुगा फुटला तर याचं काय होईल?"

"फुगे बसवा," कप्तान म्हणाला. "हिची कंबर पेशंट उचलून आधीच गेली आहे. रोज कामावर हिला दणके खायला लावून मी तलावावर हवा खाऊ?"

"माझ्या कंबरेचं मी बघीन."

"बघितलंस आजवर."

दोघंही हट्टी. मेकॅनिकने मध्ये न पडता चहा संपवला. मग म्हणाला, "सिस्टर, फुगा सहसा फुटत नाही. फुटलाच तर गाडी सकाळी बसली होती तेवढीच बसेल, आणि तुम्ही तेव्हाही सावकाश इथवर आलातच. कंबर मात्र माझ्याकडे दुरुस्त होत नाही." ताई गप्प झाली. मोठी बहीण गप्प झालेली कप्तानाने क्वचितच पाहिली होती, म्हणून त्याने तोंड दुसरीकडे वळवून हसून घेतलं.

फुगे शेजारच्या शहरात मिळायचे. मेकॅनिक लंगडत स्वतः जाऊन घेऊन आला. गाडी जॅकवर उचलली, दोन्ही बाजूंना स्प्रिंगांच्या पोटात एकेक फुगा सारला आणि त्यांच्या नळ्या डिकीत आणून सोडल्या, टोकाला सायकलच्या ट्यूबसारखे व्हॉल्व्ह. मग ताईने घरून वजनकाटा आणला, ज्यावर भाऊजी रोज उभे राहून उसासा टाकत. दांडीखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली काटा. आता मेकॅनिक फक्त आकडा वाचत होता आणि कप्तान होडीत फिरत होता. कॅन वीतभर पुढे, साखळी किंचित मागे. बोटाने ढकलावं इतक्या हलक्या हाताने त्याने तो आकडा हवा तिथे आणून बसवला. मग हूक जोडला, पायपंपाने हवा भरली आणि गाडी हळूहळू, पाहुणा आल्यावर आजोबा उठावेत तशी, उठली.

"याने गाडीची ताकद वाढत नाही हं," मेकॅनिकने बजावलं. "फक्त बसणं थांबतं. जास्त माल लादाल तर मी ओळख दाखवणार नाही."

रविवारी पुन्हा घाट. त्याच उतारावर कप्तानाने सीटची कड घट्ट धरली होती. ताईने वेग आधीच कमी ठेवला. होडी मागून सरळ येत राहिली, एकदाही डुलली नाही. कठडा मागे पडला, तलाव दिसला आणि कप्तानाला इतकं भरून आलं की त्याने खिडकीबाहेर बघून उगाच रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ताईने त्याला वाचू दिलं.

धक्क्यावर ट्रेलर पाण्यात मागे घेतला, होडी सुटली आणि तरंगली. व्यवस्थापकाने इंजिन सुरू करून बघितलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी या. ही जागा तुमची." कप्तान गुडघाभर पाण्यात होडीची कड धरून उभा राहिला. मेकॅनिकची लंगडी चाल त्याला आठवली, तो अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आठवला, ज्याला त्याने पाहिलंही नव्हतं. किती जणांच्या हातून आपलं पोट चालतं, असं त्याला वाटलं, आणि त्याने सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडले.

वर आला तेव्हा ताई डिकीपाशी उकिडवी बसून फुग्यांतली जादा हवा सोडत होती. भावाबहिणीत आभार मानायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती. मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "ताई, माझी होडी तू वाचवलीस. काल तू चिडलीस तेही बरोबर होतं. तुझी इतकी जिवापाड जपलेली गाडी..."

"चिडले कुठे?"

"उतर म्हणालीस. काचा वर करून बसलीस."

ताईने व्हॉल्व्हचं टोपण फिरवून घट्ट केलं. "मला रडायचं होतं रे. तुझ्यासमोर कसं रडणार? होडी की गाडी, तेव्हा मला काहीसुद्धा आठवत नव्हतं. कठड्याच्या बाजूच्या सीटवर तू बसला होतास."