मधला रकाना

सर सातवीला इंग्रजी शिकवायचे, आणि विशेषणांच्या तुलनेचा धडा आला की स्वतःचं घर फळ्यावर मांडायचे. फळ्यावर तीन रकाने, तीन रकान्यांत स्वतःच्या तीन मुली. धाकटी टॉल, मधली टॉलर, थोरली टॉलेस्ट. इंटेलिजंटमध्ये थोरली मोस्ट, ब्यूटिफुलमध्ये धाकटी मोस्ट. मधली आपली सगळीकडे मधल्या रकान्यात, सोयीची म्हणून. पाच वर्षं हेच चाललं होतं आणि सरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

यंदा मात्र मधली स्वतःच सातवीत होती, दुसऱ्या बाकावर. शाळेत बाबांना सर म्हणायचं, हा घरचा नियम ती इमानेइतबारे पाळत होती. धडा जवळ येत चालला. यंदा आम्हाला फळ्यावर घेऊ नका, हे सांगायला शेवटी तिने आईला मध्ये घातलं. आईने जेवताना विषय काढला, सरांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी सवयीने खडू उचलून तेच रकाने आखले. माणूस वाईट नव्हता हो, नुसता बिनडोक होता.

वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरच्या टोळक्याने तिचं बारसंही उरकलं: मधला रकाना. मधलीची कानशिलं तापली. ती सरळ उभी राहिली.

"सर, मधली कशात मोस्ट आहे?"

सरांचं तेव्हा कुठे तिच्याकडे लक्ष गेलं. उंची गेली, बुद्धी गेली, रूपही वाटून झालं होतं. काइंड, स्वीट असली विशेषणं शिल्लक होती. त्यातलं एखादं चिकटवून वेळ मारून नेता आली असती. बाबा, तेवढं नका करू, असं मधली मनातल्या मनात म्हणत होती.

सर खुर्चीत बसले आणि चक्क मराठीत म्हणाले, "घरात मला सगळ्यात जास्त धाक तुझा वाटतो. त्या दोघी मला कधी काही विचारत नाहीत."

मधलीला रडूही येत होतं आणि बाकावर चढून नाचावंसंही वाटत होतं. टोळक्यातल्या एकाने हळूच विचारलं, हे परीक्षेला आहे का.

"आहे," सर म्हणाले. "लिहून घ्या."

सगळ्यांच्या आधी मधलीने वही उघडली.