राणीसरकारांचं जेवण

आमच्या मांजरीला आम्ही राणीसरकार म्हणतो, कारण तिचे नखरेच तसे. मी कपडे शिवते, हे इस्त्री करतात आणि राणीसरकार दुकानात लोळत आपले लांब केस चाटत बसतात. चाटलेले केस पोटात जातात, तिथे त्यांचा गोळा होतो आणि तो बाहेर पडायचा तर नेमका कुणाच्या तरी कपड्यांवर. परवा पडला तो एका नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर.

"बास झालं!" हे कडाडले. "रविवारी ताई येतेय. तिच्या गोदामात उंदीर रग्गड आहेत. घेऊन जाऊ दे हिला."

आता गोळा माझ्या पोटात आला. जी ताजा मासाही नुसता हुंगून सोडते, ती उंदीर काय खाणार? तिथे उपाशी मरेल.

मी तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "रोज विंचरा, म्हणजे केस पोटात कमी जातील. कोरड्या दाण्यांबरोबर थोडं ओलं खाणंही द्या. पोटात पाणी गेलं की केस पुढे सरकतात. पण उपाशी ठेवून हट्ट मोडायला जाऊ नका हं, मांजरांना ते सोसत नाही."

विंचरून घ्यायला सरकार एका पायावर तयार! ओल्या खाण्याला मात्र नाक मुरडलं. फ्रिजमधून डबा काढून थोडं दाण्यांत कालवलं, तर दाणे तेवढे वेचून खाल्ले. दुसरं आणलं, तिसरं आणलं, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"पालथ्या घड्यावर पाणी," हे म्हणाले.

शनिवारी तिची वाटी यांच्या पायात आली. यांनी चिडून उचलली आणि इस्त्री टेकवायच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवून दिली. जरा वेळाने वास सुटला. सरकारांनी टुणकन टेबलावर उडी मारली. मी ओरडणार, तोच यांनी मला हातानेच थांबवलं, वाटी खाली घेतली आणि बोट बुडवून पाहिलं. खाणं कोमट झालं होतं. तिने वाटी चाटूनपुसून लख्ख केली.

"अगं, गार होतं म्हणून खात नव्हती बिचारी! मला तरी गार जेवण चालतं का?"

चालत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. मांजरीच्या बाबतीत कसं सुचलं नाही, कोण जाणे.

रविवारी नणंदबाई टोपली घेऊन हजर.

"कुठाय ती?"

"जेवतेय," हे म्हणाले.

"होऊ दे जेवण. मग निघते."

यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "ताई, तुझ्याकडे हिला गरम करून कोण वाढणार?"

"अरे, तूच ना म्हणालास, घेऊन जा म्हणून?"

"म्हणालो होतो. चुकलो."

हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. इतका आनंद झाला की हसू आवरेना. नणंदबाईंनी मात्र टोपली पुढे सरकवली.

"मग तर मला ही मांजर हवीच," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात अजून कुणी चुकलो म्हणालेलं नाही!"

मी राणीसरकारांना उचलून छातीशी धरलं आणि म्हटलं, "नाही मिळणार."