गुलसानमच्या वाटणीचा नान

मित्रांनो, मी एक जुना नान आहे. वाळून लाकडासारखा झालोय, पण मला बुरशी शिवलेली नाही. आमच्या मर्गिलान शहराची हवाच तशी कोरडी. माझ्या मधोमध इकरोम भट्टीवाल्यांचा ठसा आहे, वर तीळ आहेत आणि कडेचे दोन घास तुटलेले आहेत. त्या दोन घासांचीच ही गोष्ट.

आमच्याकडे लांब निघालेला माणूस नानाचा एक घास तोडतो. उरलेला नान भिंतीवर टांगतात आणि तो परत आला की त्यालाच खायला देतात. इकरोमची लेक गुलसानम देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर म्हणून निवडली गेली. सामने परदेशात होते, म्हणून इकरोमनी मला भाजलं. शेजारच्या होसियत खालांनी नाक मुरडलं.

"सैन्यात जाणाऱ्या पोरासाठी नान टांगतात. चेंडू अडवायला निघालेल्या पोरीसाठी एखादी जाळी टांगा."

गुलसानमने माझा भला मोठा घास तोडला. मला ती तेव्हाच आवडली.

संघ सगळे सामने हरला. शेवटच्या सामन्यात सहा गोल बसले, बहुतेक डावीकडून, जमिनीलगत. ती घरी आली तेव्हा वडिलांनी मला खिळ्यावरून काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

"अगं, परत आलीस ना? नान परत आलेल्याचा असतो."

"मग मी अजून परत आलेच नाही असं समजा, आदा," ती वडिलांना म्हणाली आणि मला पुन्हा टांगून मोकळी झाली.

मला फार वाईट वाटलं. माझ्याबरोबर भाजलेले नान त्याच दिवशी फस्त झाले होते आणि मी मात्र धूळ खात बसलो. गुलसानमच्या आईने मला कोंबड्यांना कुस्करायला घेतलं, तेव्हा इकरोमनी तिचा हात धरला म्हणून वाचलो.

मी भट्टीच्याच खोलीत होतो, त्यामुळे रोज पहाटे गुलसानम दिसायची. ती तंदुरात वाकून कच्चा नान डाव्या हाताने, डावीकडे, अगदी तळाशी थापायची. तिथे भल्याभल्यांचा हात पोचत नाही. सुरुवातीला नान निखाऱ्यात पडायचे, दंड भाजायचा. ही पोर मला भिकेला लावणार, असं इकरोम पुटपुटायचे, पण पुढचा गोळा तेच तिच्या हातात द्यायचे.

पुढच्या वर्षी तिची पुन्हा निवड झाली. इकरोमनी ताजा नान पुढे केला. तिने मलाच मागितलं. दात पडतील, असं आई म्हणाली. पडले नाहीत, नुसता कडकन आवाज झाला.

शेवटचा सामना सगळ्यांनी माझ्याखाली बसून मोबाइलवर पाहिला. आपण एका गोलने पुढे होतो. सामना संपत आला होता आणि समोरच्या मुलीने चेंडू मारला, डावीकडे, जमिनीलगत. गुलसानम पसरली आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो बाहेर ढकलला. होसियत खाला अशा उठल्या की त्यांचा चहा लवंडला.

आज ती आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता तिने मला खिळ्यावरून काढलं.

"आदा, आता आले परत."

इकरोमनी चहा ओतला. त्या चहात मी आता मऊ होतोय. पहिला तुकडा तिने खाल्ला, दुसरा होसियत खालांना दिला. त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला.

मित्रांनो, मी आता थोडाच उरलोय, तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या घरातलं कुणी लांब निघालं, तर त्याच्या वाटणीचं जपून ठेवा. त्याला यायला उशीर झाला, तरी ते खिळ्यावरून उतरवू नका.