पाहुण्यांसमोर ठसका नको

नववर्षाच्या सकाळी किनुयोने नवऱ्याच्या सूपमध्ये प्रथेची मोची, म्हणजे चिकट भाताचा गोळा, घातलीच नव्हती. तेत्सुझो चौऱ्याऐंशीचा, पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याला पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागे. तो गोळा घशात अडकला तर संपलंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिने मुळ्याचे मऊ तुकडे सोडले होते.

"हे काय, वहिनी?" बायकोसह जेवायला आलेला धाकटा दीर मासाजी हसला. "नवं वर्ष आणि मोची नाही? दादा काय तान्हं बाळ आहे?" त्याने आपल्या वाडग्यातली मोची उचलून भावाच्या वाडग्यात टाकली.

"भावोजी, त्यांना चालत नाही."

"एकाने काय होतंय? काय, दादा?"

भावाने दिलेलं परत कसं करायचं? तेत्सुझोने मोची तोंडात घातली. किनुयोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाहुण्यांसमोर ती गप्प बसली.

थोड्या वेळाने तेत्सुझो उठला, सगळ्यांना मान लववून बाहेर गेला. मासाजीची गोष्ट ऐन रंगात आली होती. न्हाणीघरातल्या नळाची धार ऐकू येत होती. नुसती धारच. खोकला नाही, खाकरणं नाही.

किनुयो धावली. तो बेसिनवर ओणवा, ओठ काळेनिळे. आपला आवाज कोणाला जाऊ नये म्हणून मरता मरता माणसाने नळ सोडला होता! तिने त्याला आणखी वाकवलं आणि पाठीत तळव्याने दणके घातले. तीन, चार, पाच. सहाव्याला गोळा बाहेर पडला.

"ओरडू नकोस," श्वास येताच तो पुटपुटला. "पाहुणे आहेत."

"खड्ड्यात गेले पाहुणे!"

पण तो भिंत धरत बैठकीत पोचलासुद्धा. गुडघे टेकून भावापुढे म्हणाला, "माफ करा, जेवणात विघ्न आणलं."

"असू दे, असू दे," मासाजी तोंडातला घास चावत म्हणाला.

किनुयोने नवऱ्याची कॉलर मागून धरली. साठ वर्षांच्या संसारात ती चार माणसांत कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"वाकलात तर याद राखा! मरत होतात तुम्ही, आणि माफी तुम्ही मागताय? भावोजी, वाडगा खाली ठेवा. आता तुम्ही वाका."

मासाजीने बायकोकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. किनुयो हलली नाही.