काडीवरचा केक

केक मनासारखा फुगला होता. वरून सपाट, कडा कुठे करपलेल्या नाहीत, बोट टेकवलं तर हलकेच दबून पुन्हा वर येणारा. थोरलीने तो जाळीवर काढला, त्याच्यावर नेहमीसारखा साखरेचा पाक ब्रशने फिरवला, स्वच्छ फडकं घातलं आणि मग स्टुलावर बसून गुडघा चोळत राहिली. सकाळपासून ती उभीच होती. आताशा गुडघा आधी बोलायचा आणि मग ती.

थोरली म्हणजे या घरातली मोठी जाऊ. नवरा गेल्यावर ती धाकट्या दिराकडेच राहिली. त्यांनी तिला ठेवून घेतलं की तिने त्यांचा संसार सांभाळला, हा हिशेब कुणी कधी केला नाही. धाकटी दातांच्या दवाखान्यात नोकरीला होती. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्या लोकांची समजूत घालायची. दीर फिरतीवर. त्यामुळे त्यांची पोर जन्मल्यापासून वाढली ती थोरलीच्या मांडीवर. शाळेत तिचं नाव भारदस्त होतं, पण थोरली तिला ठकी म्हणायची आणि ठकी तिला मोठी आई. डबे, वेण्या, पाढे, ताप, सगळं मोठ्या आईचं. उरलेल्या वेळात थोरली खिडकीशी मशीन मांडून लोकांचे कपडे दुरुस्त करायची. कुणाच्या पँटची चेन गेलेली, कुणाच्या बाह्या लांब, कुणी जाड झालेला, पण कबूल न करणारा.

उद्या ठकीचा वाढदिवस होता. या घरातला शेवटचा, कारण नंतरच्या आठवड्यात घर बदलायचं होतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दिराने स्वतःचं घर घेतलं होतं. जेवताना रोज त्याच्याच गप्पा. पडदे कुठल्या रंगाचे, ठकीचं टेबल कुठल्या खिडकीशी, बस कुठे थांबते. थोरली वाढता वाढता ऐकायची. त्या गप्पांत तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं. तिची खोली कुठली, ती येणार की नाही, कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पहिले काही दिवस तिने वाट पाहिली. मग तिच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती पाल तिथेच मुक्कामाला राहिली. स्वतःहून विचारणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मला नेणार का हो, असं दिरापुढे उभं राहून म्हणायचं? त्यापेक्षा जीभ चावलेली बरी.

तिने भावाला फोन करून बघितला होता. "ये की, घर तुझंच आहे," तो म्हणाला, आणि लगेच आपल्या घरात किती अडचण आहे ते सांगत बसला. फोन ठेवून थोरली पुन्हा मशीनवर बसली होती.

दुपारी धाकटी आली ती पिशव्या घेऊनच. तिचाही चेहरा उतरलेला. सुट्टीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात सगळ्या गावाचे दात एकदम दुखतात, असं तिचं म्हणणं. तिने चप्पल काढली, पिशवीतून कागदी काड्या, चॉकलेटच्या लाद्या, क्रीमचा डबा आणि रंगीत साखरेचे दाणे ओट्यावर ओतले.

"झाला केक? वा, मस्तच झालाय, ताई," असं म्हणत तिने फडकं उचललं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत केकमध्ये घातले.

"अगं, काय करतेस हे?"

"कुस्करतेय. केक पॉप करायचेत ना. तुम्हाला बोलले नव्हते का मी?"

"नाही."

"राहून गेलं असेल."

थोरलीच्या बाबतीत या घरात बरंच काही राहून जात होतं. तिने तोंडाला कुलूप घातलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"चुराच करायचा होता तर दुकानातून आणायचास. माझे पाय तरी वाचले असते."

"दुकानातला नको आहे तिला. चव मोठ्या आईच्या केकचीच पाहिजे, फक्त दिसायला कॉफी शॉपसारखा पाहिजे."

दवाखान्याखाली एक कॉफी शॉप होतं. आईला उशीर झाला की ठकी तिथे बसून गृहपाठ करायची, आणि समोर काचेच्या बरणीत काडीवर उभे केलेले गुलाबी केक असायचे, लिंबाएवढे. तो तुकडे करून वाटायचा मोठा केक म्हणजे लहान मुलांचं काम, असा तिचा ताजा निकाल होता. मैत्रिणींना उद्या काडीवरचाच केक मिळणार होता.

एवढ्या निगुतीने केलेल्या केकचा भुगा होताना बघणं थोरलीला जड गेलं. पण बघत बसायची सवय नव्हती, म्हणून तिनेही बाह्या वर केल्या. धाकटीने भुग्यात क्रीम घातलं, दोघींनी ते मळलं आणि गोळे वळले. चॉकलेट गरम पाण्यावर वाटी ठेवून वितळवलं. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवायचं आणि मग गोळ्यात खुपसायचं, म्हणजे ते धरून राहतं, असं धाकटीला फोनवरच्या व्हिडिओत एका बाईने शिकवलं होतं. ती बाई फोनमध्ये सारखी हसत होती. तिच्या घरी बहुतेक कुणी भांडी घासत नसावं.

पहिला गोळा काडीवर क्षणभर बसला, मग सावकाश खाली सरकला आणि ताटलीत जाऊन बसला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा तर वाटेतच फुटला.

"याला पाक लावलात?" धाकटीने विचारलं.

"नेहमी लावते."

"आणि वर मी डबाभर क्रीम ओतलं." धाकटीने कपाळाला हात लावला, तो क्रीमचाच होता. दोघींना हसू आलं, पण दमलेल्या माणसाचं हसू ते, फार लांब गेलं नाही. डब्यात बिस्किटं होती, ती धाकटीने लाटण्याने बारीक करून मिश्रणात घातली. पुन्हा सगळे गोळे वळले आणि फ्रीजमध्ये ठेवले. आता ते घट्ट होईपर्यंत काही काम नव्हतं.

दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. विचारायचं तर आत्ता, थोरलीच्या मनात आलं. घरात दुसरं कुणी नाही, दीर तिकडे रंगाऱ्यांपाशी, ठकी खाली मैत्रिणीकडे. तिने तोंड उघडलंही.

"तिकडचा ओटा जरा उंच आहे," धाकटीच आधी बोलली. "खाली लाकडी पाट घ्यावा लागेल पायाशी."

धाकटी चांगली उंचनिंच होती. पाट कुणाला लागणार, ते ती बोलली नाही, आणि थोरली तेव्हा आपल्याच विचारात होती. "घ्या," एवढंच ती म्हणाली आणि साचलेली भांडी धुवायला वळली.

गोळे घट्ट झाले. या खेपेला काडी बसली. धाकटीने पहिला गोळा गुलाबी चॉकलेटमध्ये बुडवला, वाटीच्या काठावर काडी हलकेच आपटून जास्तीचं चॉकलेट निथळू दिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता हा उभा कशात करायचा. आडवा ठेवला तर एका बाजूने चपटा होणार. तिने काडी थोरलीच्या हातात दिली आणि आतल्या खोलीत गेली. आली ती थर्मोकोलचा एक जाड तुकडा घेऊन.

थोरलीने तो लगेच ओळखला. एका बाजूला गोल खाच होती, मशीनचं चाक बसेल एवढी.

"हे कुठून काढलंस?"

"तुमच्या मशीनच्या खोक्यातलं. यांनी काल खोकं माळ्यावरून काढून ठेवलंय ना, मशीन भरायला. एवढा तुकडा नंतर पुसून परत घालू."

थोरलीच्या हातातल्या काडीवरून गुलाबी थेंब फरशीवर पडला.

"मशीन कुठे चाललंय?"

"कुठे म्हणजे? तिकडे. जड सामान पहिल्या फेरीत नेऊ म्हणाले."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मी पहिल्या फेरीत की दुसऱ्या?"

धाकटी हसली, मग थोरलीचा चेहरा बघून थांबली. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती ओट्याला धरून उभी राहिली.

"ताई, तुम्हाला काय वाटलं? आम्ही तुम्हाला इथे टाकून जाणार?"

"मला काय वाटायचं? मला कुणी काही सांगितलं का?"

"अहो, सांगायचं काय त्यात? तुमच्यावाचून पान तरी हलतं का आमचं? ठकी झोपते का तुमच्याशिवाय? तुमची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, खिडकी आहे मोठी, मशीनसाठी म्हणून मुद्दाम तीच ठेवली. मी सांगितलं असणार तुम्हाला."

"नाही सांगितलंस."

थोरलीच्या छातीवरचं ओझं उतरलं. एकदम उतरलं, आणि त्या जागी राग आला. कितीतरी रात्री ती छताकडे बघत पडली होती. भावापुढे तोंड वेंगाडून झालं होतं. आणि इथे सगळं ठरलेलं होतं, खोली ठरली होती, खिडकी ठरली होती, आणि तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मशीनसाठी निदान कुणी माळ्यावर तरी चढलं होतं.

"सांगायचं नसतं," ती म्हणाली. "विचारायचं असतं."

"विचारायचं कशाला? घर तुमचंच आहे."

"माझा भाऊही तेच म्हणाला."

धाकटीने चॉकलेटची वाटी बाजूला सरकवली. तिचे हात कोपरापर्यंत बरबटले होते आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. तीही दमली होती, थोरलीला ते दिसत होतं. एरवी तेवढ्यावरच तिने विषय सोडला असता, धाकटीला बस म्हटलं असतं, चहा टाकला असता. आज तिने चहा टाकला नाही. ती तशीच उभी राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली. आवाज खाली आला होता, नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा मिठाचा डबा कुठे आहे ते विचारायची, तसा. "तुम्ही याल का आमच्याबरोबर? तिकडे राहायला?"

'हो' अगदी ओठांवर आलं. कधीपासून तयारच होतं ते. थोरलीने ते गिळलं.

"उद्या सांगते."

"उद्या?"

"हो. माझी गिऱ्हाइकं आहेत इथे, त्यांचं काय करायचं ते बघायला हवं. आणि आज मी दमलेय."

तिने हातातली काडी थर्मोकोलमध्ये नीट उभी केली, नळाखाली हात धुतले आणि पदराला पुसत आत गेली. बरेच गोळे अजून फ्रीजमध्ये होते. दिवस मावळला नव्हता, पलंगावर उन्हाचा पट्टा होता. या वेळेला ती या पलंगावर आडवी झाली होती ती फक्त तापात. तिने चादर ओढून घेतली आणि दुखरा पाय उशीवर ठेवला.

स्वयंपाकघरातून वाटीच्या काठावर काडी आपटल्याचा आवाज येत राहिला. मग दार वाजलं आणि ठकीचा गलका घरात शिरला.

"मोठी आई कुठाय?"

"हळू बोल. झोपल्यात त्या."

"आत्ता? मला केस धुवायचेत तिच्याकडून."

"मी धुते. हाक मारू नकोस त्यांना."

थोरली झोपली नव्हती. उद्या काय सांगायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण उद्यापर्यंत ते तिचं एकटीचं होतं.