घाम येणारी सुरई

मी एक जुनी सुरई आहे. पांढरट मातीची, वर मूठ आणि बाजूला बारीक चोच. मित्रांनो, मला अंगभर घाम येतो. आतलं पाणी झिरपून बाहेर येतं, वाऱ्याने वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं; आतलं पाणी गार राहतं. म्हणून कापणीच्या उन्हात माझा धनी फुल्हेन्सियो मला उंच धरून, चोचीला ओठ न लावता घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "हिच्यामुळे जगलोय. बायकोमुळे नव्हे!"

बायको म्हणजे एउलालिया. मी भट्टीतून नवी आले तेव्हा मातीचा वास जावा म्हणून तिने माझ्यात पाणी आणि बडीशेपेच्या दारूचा घोट घालून ठेवला होता.

मी स्वभावाने संशयी. पाणी सांभाळणाऱ्याने तसं असावंच.

एका उन्हाळ्यात गावात डेन्मार्कचा एक फिल्मवाला आला. त्याला आमच्या देशातल्या जुन्या चित्रांचं वेड होतं. एउलालियाच्या स्वयंपाकघरात तो माझ्यासमोर उकिडवा बसला. खिशातून एका चित्राची छापील प्रत काढली. तिच्यात काळोखात सुरया ओळीने उभ्या होत्या. तो एकदा चित्राकडे बघे, एकदा माझ्याकडे. असं टक लावून बघणारा माणूस वस्तू उचलून नेतो.

"अगं, सुरईची फिल्म कोण काढतं?" शेजारीण लेओकादिया पुटपुटली. "जुन्या वस्तूंचा दलाल असणार."

"दलाल असता तर माझ्या नवऱ्याला नेलं असतं. त्याच्याइतकं जुनं घरात काही नाही."

"उद्या येतो," फिल्मवाला म्हणाला. "काही बदलू नका, सेन्योरा."

पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या गावात चुना निघतोच. एउलालियाने भिंती पांढऱ्या केल्या. चित्रातल्या सुरया तिला चकाकताना दिसल्या होत्या. "आमची का मागे राहील?" म्हणत तिने मला रिकामं करून जवसाचं तेल चोळलं. पुन्हा पुन्हा चोळलं. मी दारावर नजर ठेवून होते. तिच्या हाताकडे माझं लक्षच नव्हतं.

सकाळी मला बघून फिल्मवाल्याचा चेहरा पडला. त्याने एउलालियाला मला भरायला सांगितलं आणि बराच वेळ वाट पाहिली.

"सेन्योरा, हिची ओल कुठे गेली? मला तीच हवी होती."

एउलालियाने चित्र डोळ्यांजवळ धरलं. ती चकाकी नव्हती, थेंब होते.

दुपारी शेतावर फुल्हेन्सियोने घोट घेतला आणि थुंकला. "पाणी आहे की सूप?"

एउलालियाने मला राखेच्या गरम पाण्यात ठेवलं, खसाखसा घासलं. पण तेल छिद्रांत शिरून सुकलं होतं. शेतावर आता नवी सुरई जाते.

फिल्मवाला काही न नेता गेला. ज्याच्यावर मी पाळत ठेवली, त्याने मला बोटही लावलं नव्हतं.

मित्रांनो, आवडती वस्तू सजवण्याआधी ती काम कसं करते एवढं बघा. माझ्या मुठीखाली एका कोपऱ्यात तेलाची चिंधी पोचली नव्हती. एउलालिया अजून रोज मला भरते आणि तिथे बोट लावून बघते. कधीकधी ते ओलं होतं.