डोंगर चढणारी नदी

"तुमच्या नकाशातली ही नदी डोंगर चढते कशी?"

मुंगीने विचारलं आणि मगच तिच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीतून उठून उभ्या आहोत. पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर एका मालिकेच्या पाचव्या भागाच्या प्रकाशनाला दाटीवाटीने बसलेली सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली. तिच्या हातात त्याच मालिकेचा पहिला भाग होता, आतल्या नकाशाचं पान उघडलेलं, आणि बोट नदीवर टेकवलेलं. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायच्या आधी तीनदा घसा खाकरायची.

मागे तिच्या मैत्रिणी टाचणी आणि भोंगा एकमेकींना चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. "सगळ्यांसमोर विचारून दाखव," भोंगा जिन्यात म्हणाली होती, "मग तू निवडशील ती मालिका मी मुकाट्याने वाचेन."

"तू आणि मुकाट्याने," टाचणी म्हणाली होती. "त्यापेक्षा नदीच डोंगर चढेल."

मुंगीच्या प्रश्नावर माडीवर हशा पिकला. तो वाईट नव्हता. लहान मूल बूट उलटे घालून आलं की घरातले हसतात, तसा होता.

"बाळ, आधी दुसरा भाग वाच," पुढच्या रांगेतले एक टकले काका मान वळवून म्हणाले. "तिथे सगळा उलगडा होतो."

"पहिल्यापासून ठरलेलं होतं ते," त्यांच्या शेजारची बाई म्हणाली. "नकाशातच सांगून ठेवलंय लेखिकेने, आपल्यालाच दिसलं नाही. केवढी ती बुद्धी."

मुंगीचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. हा प्रश्न नुसता पैजेचा नव्हता. तिला आज इथून एक मालिका निवडून न्यायची होती आणि त्या निवडीत आणखी काय गुंतलंय, ते त्या माडीवर फक्त तिघींना ठाऊक होतं.

तिघींची रीत अशी, की पुस्तक एकच आणि वाचणाऱ्या तीन. जिची पाळी ती मालिका निवडणार आणि आधी वाचणार. मग पुस्तक मधल्या सुट्टीत एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाणार, आणि तिसरीचं वाचून होईपर्यंत कुणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. या वेळी पाळी मुंगीची होती, आणि नेमकी आता तिच्या आईची बदली झाली होती. आई पाणीपुरवठा खात्यात अभियंता. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे; त्यांचं सगळं दुकान एका पेटीत मावायचं, त्यामुळे त्यांची तयारी होतीच. मुंगीला मात्र दोघांनी मोकळीक दिली होती. आमच्याबरोबर ये, नाहीतर मावशीकडे राहा आणि इथेच शाळा पुरी कर. रविवारी काय ते सांग.

आज रविवार होता. आठवडाभर कुणी विचारलं, की ती "बघते" म्हणायची आणि पुस्तकात तोंड खुपसायची. शेवटी भोंग्यानेच तोडगा काढला होता. छोटी मालिका घेतलीस तर समजू, की तू चाललीस. निघायच्या आत ती संपेल. मोठी घेतलीस तर राहिलीस. दुकानात दोन्ही समोरासमोर मांडलेल्या होत्या. एक तीन सडपातळ भागांची, सुबक, संपलेली. दुसरी हीच, आज पाचवा भाग निघालेली, अजून कितीतरी यायचे बाकी असलेली.

टाचणी मालिका निवडायची ती मलपृष्ठ वाचून, भोंगा पहिलं पान वाचून. मुंगी नकाशा वाचायची. आईची मुलगी ती. पाणी थापा मारत नाही, उताराने जातं, हे तिने जेवताजेवता इतक्यांदा ऐकलं होतं, की नकाशा उघडल्याबरोबर तिची नजर आधी नदी शोधायची. आणि ही नदी समुद्रापाशी केसासारखी बारीक होती आणि डोंगराकडे जाताजाता रुंद होत होती.

नकाशे काढणाऱ्या बाई मंचावरच्या खुर्चीत बसल्या होत्या. एकट्या त्याच हसल्या नव्हत्या.

"इकडे आण बघू," त्या म्हणाल्या.

मुंगी पुढे गेली. बाईंनी चष्मा चढवला आणि नकाशा मांडीवर घेऊन डाव्या हाताच्या बोटाने नदीवरून एक फेरी मारली.

"काका म्हणतात ते बरोबर आहे. दुसऱ्या भागात कारण सापडतं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तू दुसरा भाग वाचलेला नाहीस."

"पहिलाही नाही," मुंगी म्हणाली.

"म्हणूनच तुला दिसलं. बाकी सगळे गोष्ट वाचून नकाशाकडे आले." त्यांनी चष्मा काढला. "ही माझी चूक आहे."

माडीवर कुणीतरी खोकलं आणि मधेच थांबलं.

"मी डावखुरी. ओली शाई बाहीला पुसली जाते, म्हणून मी कागद उलटा फिरवून काढते. डोंगर वर असतात ते माझ्या पोटाशी येतात, समुद्र पलीकडे. नदी उगमापाशी बारीक सुरू करायची, मुखाशी रुंद करायची, हे मला झोपेतही जमतं. त्या दिवशी कागद उलटा आहे हेच विसरले. समुद्राला उगम समजले. पुस्तक छापून आलं तेव्हा दिसलं."

"मग?" मुंगीने विचारलं.

"मग काय, लेखिकेला फोन केला. म्हटलं, आता ही बाई मला सोलून काढणार. ती फोन तसाच ठेवून पुस्तक शोधायला गेली. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, अगं, पण समुद्राचं पाणी डोंगरात कशाला जात असेल?"

बाई थांबल्या.

"मी म्हटलं, नाही जात, मी पुढच्या आवृत्तीत सुधारते. ती म्हणाली, हात लावू नकोस. तिकडे कुणीतरी तहानलेलं असणार. मला बघून येऊ दे."

टकल्या काकांनी हातातला पाचवा भाग पालथा घातला, पुन्हा सुलटा केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो त्यांच्या घरात वाढलेला आणि आज पहिल्यांदाच बोललेला कुणी होता. शेजारच्या बाईने पर्समधून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरला.

"तीन भागांत संपणार होती ही गोष्ट," बाई म्हणाल्या. "त्या डोंगराच्या पोटात काय आहे, ते तिलाही माहीत नव्हतं. चालत गेली तसं सापडत गेलं. दुसऱ्या भागाची वाट मी तुमच्यासारखीच पाहिली, नखं खात. ती आज इथे नाही म्हणून सांगते, बरं का. नाहीतर म्हणेल, माझी अक्कल काढलीस."

या वेळी हसणारे हळू हसले. मुंगी हसली नाही. तिच्या हातावर काटा आला होता आणि तिने तो लपवला नाही. ती अजूनही नकाशाकडे बघत होती. तिने बोट समुद्रावर ठेवलं, त्या केसाएवढ्या रेषेवरून वर नेलं, आणि दऱ्या ओलांडत ती डोंगर चढली. नदी नकाशाच्या चौकटीपाशी सर्वांत रुंद होती आणि तिथेच कागद संपत होता. बोट चौकटीवर क्षणभर थांबलं आणि मग सावकाश कोऱ्या समासात उतरलं.

खाली गल्ल्यावर तिने पहिला भाग घेतला. भोंग्याने रस्त्यात येताच दोन्ही हात वर केले.

"मोठी घेतली. म्हणजे राहिली. मी सांगितलं होतं की नाही?"

मुंगीने पिशवीतून पुस्तक काढलं आणि टाचणीपुढे धरलं.

"नियमाने तू आधी," टाचणी म्हणाली.

"तू आधी. मग ही. माझ्याकडे शेवटी पाठवा."

टाचणीने पुस्तक घेतलं नाही. "पाठवा म्हणजे?"

"पार्सलने. डोंगराच्या पोटात काय आहे ते मला शेवटी कळेल, आणि तुम्ही तोवर अवाक्षर काढायचं नाही. फोनवरसुद्धा."

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, तरी तिघी बाजूला झाल्या नाहीत. भोंगा खरोखरच मुकाट्याने उभी होती. मग तिने मुंगीच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, टाचणीच्या रविवारीही पाठीवर असलेल्या दप्तरात कोंबलं आणि दप्तराची चेन दोनदा ओढून लावली.

"किती भाग अजून यायचेत म्हणे?" तिने विचारलं.

"लेखिकेलाही माहीत नाही."

"मग ठीक आहे," भोंगा म्हणाली.

घरी बाबा जमिनीवर बसून मशीनच्या सुया जाडीप्रमाणे डब्यांत लावत होते. आई खोक्यावर चिकटपट्टी ओढत होती. मुंगी दारातच उभी राहिली. दोघांनीही वर पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कामाकडे पाहिलं. विचारायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं दिसत होतं.

"ताईसाहेब रिकाम्या हाताने?" शेवटी बाबा सुयांकडे बघतच म्हणाले. "मालिका मिळाली नाही?"

"मिळाली. टाचणीकडे आहे."

आईच्या हातातली चिकटपट्टी अर्ध्यावर थांबली. तिने ती तोडली नाही. पुस्तक इथल्या मैत्रिणीकडे, म्हणजे मुलगीही इथेच राहणार, असं तिला वाटलं. "म्हणजे मावशीला कळवू," ती म्हणाली. वाक्य विचारल्यासारखं सुरू झालं होतं, पण शेवटापर्यंत तिने ते सपाट केलं.

मुंगी आत आली, खोक्याच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसली आणि तिने चिकटपट्टीचं लोंबणारं टोक धरलं.

"मावशीला कळव, की मी तुमच्याबरोबर येतेय," ती म्हणाली. "आणि तिकडच्या घराचा पत्ता मला आत्ता हवाय, पिनकोडासकट. टाचणी भराभर वाचते."